एकोणचाळीस उजवे गुडघे

माणसाने आयुष्यात एखादं काम अगदी नीटनेटकं करावं आणि नेमकं तेच त्याच्या अंगाशी यावं, याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही. आमच्या हिला माहीत आहे. पण ती जे म्हणते ते इथे लिहिता येणार नाही, कारण तिचा नवरा असलो तरी मलाही थोडीफार अब्रू आहे.

प्रकरण सुरू झालं एका मंगळवारी दुपारी दीड वाजता. या वेळेला आमच्या सुमंगल सोसायटीत कुणी कुणाची बेल वाजवत नाही. चुकून वाजवलीच, तर आतलं माणूस गावाला गेलंय असं समजून निघून जावं. पुन्हा वाजवू नये. आमची त्या दिवशी तीनदा वाजली. मी डोळे चोळत दार उघडलं. पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर अडतीस दारं बंद झाल्याचे भाव, अशी एक मुलगी दारात उभी होती.

“सर, मी तनया. उड्डाणपुलाच्या सामाजिक परिणामांचं सर्वेक्षण करतेय. तुमच्या जीवनमानात काही फरक पडला का?”

“आत्ताच पडला,” मी म्हणालो. “झोपलो होतो.”

हा उड्डाणपूल आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीसमोरून जातो. समोरून म्हणजे अगदी नाकासमोरून. सकाळी दात घासत गॅलरीत उभं राहिलं की हिंजवडीला निघालेल्या कंपनीच्या बसमधली माणसं आपल्याकडे बघतात आणि आपण त्यांच्याकडे. तिसऱ्या खिडकीतले एक टक्कलवाले गृहस्थ तर आताशा मान हलवतात. पूल झाल्यावर खालचा सिग्नल काढला, रस्त्याच्या मधोमध छातीएवढं लोखंडी कुंपण घातलं आणि ‘सिग्नलमुक्त रस्ता’ अशी पाटी लावली. गाड्या मुक्त झाल्या. माणसाला पलीकडे जायचं असेल तर त्याने अर्धा किलोमीटर चालायचं, भुयारी मार्गाच्या शेहेचाळीस पायऱ्या उतरायच्या, शेहेचाळीस चढायच्या आणि पलीकडून अर्धा किलोमीटर उलटं यायचं. समोरच्या डेअरीतलं दूध घेऊन घरी पोचेपर्यंत ते दही व्हायच्या बेतात असतं.

दुधाचं एक वेळ सोडा. पलीकडच्या इमारतीत, आमच्या बरोब्बर समोर, दुसऱ्याच मजल्यावर गोदाबाई राहतात. आमची ही, म्हणजे सरोजिनी, आणि गोदाबाई एकाच शाळेत शिकवायच्या. शाळा सुटली, नोकरी सुटली, पण संध्याकाळी पाचचा चहा सुटला नाही. एक दिवस आमच्याकडे, एक दिवस त्यांच्याकडे, असा एकतीस वर्षं चालला. आता गोदाबाई वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात आणि हिचा उजवा गुडघा शेहेचाळीस पायऱ्यांचं नाव काढलं तरी दुखायला लागतो. त्यामुळे दोघी पाच वाजता आपापल्या गॅलरीत येतात, फोन कानाला लावतात आणि पुलावरच्या दोन गाड्यांच्या फटीतून एकमेकींना बघतात. मध्ये ट्रक आला की ही “थांब गं, सिमेंट चाललंय” म्हणते आणि ट्रक गेला की वाक्य पुरं करते. दोन वर्षं हे असं चाललंय. मला ते बघवत नाही, म्हणून पाच वाजता मी सकाळी वाचून झालेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडून बसतो.

तर तनया. आमच्या हिने तिला आत घेतलं, पाणी दिलं, बेसनाचा लाडू दिला. वाशिमहून नोकरीसाठी आलेली ती पोर लाडू खाता खाता सांगू लागली. पुलामुळे लोकांचं येणं-जाणं तुटलंय असं सर्वेक्षणात दिसलं, तर कुंपणात वाट करून पायी चालणाऱ्यांसाठी बटणाचा सिग्नल द्यायची तरतूद आहे. मात्र सोसायटीतून किमान तीस फॉर्म भरून यायला हवेत, आणि तेही आठ दिवसांत.

“आतापर्यंत किती आले?” मी विचारलं.

“एकही नाही, सर. एक आजोबा दारातूनच म्हणाले, आमचं सगळं उत्तम आहे, तुमचं बघा.”

हिच्या हातात लाडवांचा डबा तसाच राहिला होता. “बटण दाबलं की गाड्या थांबणार?” तिने विचारलं. तनयाने मान डोलावली. ही माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. सरळ म्हणाली, “फॉर्म यांच्याकडे ठेव. चौतीस वर्षं बँकेत होते. लोकांकडून फॉर्म भरून घेण्याव्यतिरिक्त यांनी दुसरं काही केलेलं नाही.”

अशा रीतीने माझी नेमणूक झाली.

फॉर्म आठ पानी होता. ‘विकास प्रकल्पाच्या नागरी जीवनमानावरील सामाजिक परिणामांचे मूल्यमापन प्रपत्र’ असं त्याचं नाव होतं आणि ते वाचून होईपर्यंतच निम्मे लोक दार लावून घेत. एकूण प्रश्न एक्केचाळीस. काही ठिकाणी माहिती लिहायला जागा, आणि प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकटी: सुधारणा झाली, फरक नाही, घसरण झाली. तळाला ठळक अक्षरांत इशारा: खाडाखोड केलेले प्रपत्र बाद समजण्यात येईल. हे वाक्य वाचून मला बरं वाटलं होतं. शिस्त असावी. पुढे याच वाक्याने मला खड्ड्यात घातलं.

पहिल्यांदा गेलो आमचे चेअरमन तात्याराव यांच्याकडे. या पुलाबद्दल रोज सकाळी लिफ्टपाशी उभे राहून बोलणारा माणूस. मला वाटलं, हे तर फॉर्म हिसकावून घेतील. त्यांनी मला चाळीस मिनिटं पुलाचा आवाज, पुलाची धूळ, पुलाखालचे डास आणि पूल बांधणाऱ्यांची अक्कल यांवर व्याख्यान दिलं. मी पेन उघडून पुढे केलं.

“हे काय?”

“आता जे बोललात ते इथे लिहा.”

“लेखी?” तात्याराव एकदम खुर्चीत मागे सरकले. “छे छे. लेखी काही नाही. अहो खांबेटे, उद्या नातीचं लग्न जमवायचं. मुलाकडच्यांनी विचारलं, यांच्याकडे धुळीने खोकला होतो असं सरकारी कागदावर आहे म्हणे, तर काय सांगू?”

तळमजल्यावरच्या यमुनाबाईंनी फॉर्म घेतला, चष्मा लावला आणि सतरावा प्रश्न मोठ्यांदा वाचला. “घरातील करमणुकीची साधने.” मग स्वयंपाकघराकडे बघून म्हणाल्या, “सून आणि तिचा फोन. एवढंच लिहा.” आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मी फॉर्म न भरताच बाहेर पडलो.

चौथ्या मजल्यावर सलिल एकटा राहतो. कॉम्प्युटरवाला. “काका, हे पेपरवर? लिंक नाहीये का? लिंक टाका, मी दोन मिनिटांत करतो.” मी म्हटलं, लिंक नाही, आपण आत्ता दोन मिनिटांत करू. पहिलाच प्रश्न प्रवासाच्या वेळेचा निघाला. सलिल विचारात पडला. “पूल क्रॉस करायला तीन मिनिटं लागतात. आधी पंधरा लागायची. पण पूल उतरला की पुढे पंचवीस मिनिटं जाम. मग हे इम्प्रूव्ह झालं की वर्स? अॅव्हरेज काढायचं का?” मी म्हटलं, मनाला येईल ते लिही. तो म्हणाला, “असं नसतं ना काका, डेटा आहे हा.” आणि एक्सेल उघडून बसला. दोन मिनिटांचा दीड तास झाला. पहिला प्रश्न अजून व्हायचा होता.

पाच दिवसांत माझ्याकडे एकूण शून्य फॉर्म जमले होते. हरकती मात्र पुष्कळ जमल्या होत्या. चूक झाली तर बाद होईल, मग आपलं नाव कुठेतरी नोंदलं जाईल, मग कोणीतरी विचारायला येईल, ही सगळ्यांत मोठी. आमच्याकडचा माणूस सरकारला भीत नाही, फॉर्म चुकण्याला भितो.

आणि इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. बँकेत स्लिपा भरायच्या टेबलावर काचेखाली नमुना असतो. माझ्या शाखेतला नमुना वर्षानुवर्षं माझ्या अक्षरातला होता. वरचे साहेबसुद्धा म्हणायचे, खांबेट्यांचा नमुना म्हणजे नमुना. त्यावर खातेदाराच्या जागी मी ‘श्री. अमुक तमुक’ असं लिहिलं होतं आणि महिन्यातून दोन-तीन स्लिपा तरी श्री. अमुक तमुक यांच्याच नावाने यायच्या. मी तेव्हाच शहाणा व्हायला हवा होतो.

एक फॉर्म घेऊन बसलो. अमुक तमुक लिहायची चूक पुन्हा करायची नाही, म्हणून माहिती आमचीच घातली: घरात माणसं दोन, वाहन एक जुनी स्कूटर, करमणुकीचं साधन रेडिओ. एक्केचाळीस प्रश्नांपुढे खुणा केल्या. खूण चौकटीच्या आत, सुबक, एकसारखी कशी असावी हे लोकांना कळावं म्हणून सगळ्या पहिल्याच चौकटीत केल्या. उभी ओळ काय सुंदर दिसत होती! पहिली चौकट म्हणजे ‘सुधारणा झाली’. पण नमुन्यात काय लिहिलंय याला कोण विचारतो? वर ‘नमुना’ अशी चिठ्ठी टाचली आणि लिफ्टशेजारच्या फलकावर लावून टाकला.

दोन दिवसांत अडतीस फॉर्म! लोक पेन आणि पाट घेऊन लिफ्टपाशी बसले होते. तात्यारावांनी तर नातीच्या लग्नाची भीती सोडून पहिला फॉर्म टाकला. सलिलने नमुन्याचा फोटो काढून नेला. फॉर्म टाकायला ठेवलेल्या पेटीला मी कुलूप लावलं होतं. एकही फॉर्म उघडून पाहिला नाही. का, तर गोपनीयता. चौतीस वर्षांत मी एका खातेदाराचं पासबुक दुसऱ्याला दाखवलं नाही, तो मी शेजाऱ्यांचे फॉर्म वाचणार? सगळे लिफाफ्यात घातले, लिफाफा चिकटवला आणि त्यावर सही केली.

फक्त माझा फॉर्म राहिला होता. तनयाने मोजून एकोणचाळीस दिलेले, आणि शेवटचा नमुना होऊन फलकावर लटकत होता. त्याच्यावर खरी उत्तरं लिहायची तर खाडाखोड होणार, म्हणजे बाद होणार. म्हटलं, एका फॉर्मने काय होतंय? बाकीचे अडतीस खरं लिहितातच की. वरची चिठ्ठी काढली आणि तो तसाच लिफाफ्यात घातला.

दोन महिन्यांनी तनयाचा फोन आला. “सर, तुमच्या सोसायटीचा डेटा संपूर्ण शहरात सगळ्यात स्वच्छ निघाला! प्रकल्पाच्या साहेबांनी तुमचा सत्कार ठेवलाय. काकूंना घेऊन या.”

आता सत्कार म्हटल्यावर माणूस जरा फुगतोच. मी कोट काढला. हिने नारायणपेठी नेसली आणि आदल्या संध्याकाळी गॅलरीतून गोदाबाईंना सांगून टाकलं, “आता बघ, बटण दाबलं की मी तुझ्या दारात.” मध्ये सिमेंट आलं म्हणून हे तिने दोनदा सांगितलं.

सभागृहात आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. साहेबांनी मला शाल घातली, नारळ दिला आणि माईक हातात घेतला. “सुमंगल सोसायटी! एकोणचाळीस घरं! आणि पुलामुळे शंभर टक्के नागरिकांच्या जीवनमानात सुधारणा! आवाजात सुधारणा, हवेत सुधारणा, झोपेत सुधारणा. एकही तक्रार नाही. प्रत्येक घरात दोनच माणसं, एकेक जुनी स्कूटर, करमणुकीला रेडिओ. किती साधं, समाधानी जीवन!”

टाळ्या झाल्या. माझ्या पाठीवरून घाम वाहू लागला. शालीमुळे असेल असं मी स्वतःला सांगितलं.

“आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न चौदावा,” साहेब पुढे म्हणाले. “शेजारी, नातेवाईक, मित्रमंडळी यांच्याकडील येणं-जाणं. तिथेही शंभर टक्के सुधारणा! त्यामुळे या ठिकाणचा सिग्नलचा प्रस्ताव अनावश्यक ठरून रद्द करण्यात आला आहे. खर्च वाचवल्याबद्दल श्री. खांबेटे यांचे पुन्हा एकदा आभार.”

मी हिच्याकडे बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती. माझ्या डाव्या बाजूला एकाएकी गार झालं होतं. एकोणचाळीस घरांत रेडिओ कुठून आला हे मला कळलं होतं, तसं तिलाही कळलं होतं. फलकावरचा नमुना येता-जाता तिनेही पाहिला होता, आणि उभी ओळ किती सुबक आलीय म्हणून मीच तिला दाखवलं होतं.

घरी आल्यावर शालीची घडी घालत म्हणाली, “शाल बरी आहे. गोदाला दाखवते. गॅलरीतून.”

त्या दिवशी पाच वाजता ती गॅलरीत गेली आणि नुसती उभी राहिली. फोन वाजत होता. बराच वेळ तिने उचलला नाही. मला वर्तमानपत्रातलं एक अक्षर दिसेना. मला फार वाईट वाटलं, हे सरळच सांगतो. रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

दुसऱ्या दिवशी प्रकल्प कार्यालयात गेलो. तिथे हरकतींच्या टेबलावर उत्तरेश्वर नावाचे कारकून होते. त्यांनी माझी हकिगत डबा खाता खाता पूर्ण ऐकली.

“म्हंजी काका, सर्वेक्षन तुमीच केलं, सत्कार तुमीच घेतला, आन् हरकत बी तुमचीच?”

“हो.”

“भारी हाय.” त्यांनी हात धुतले. “पंधरा दिवसांत लेखी द्या. ज्याची त्यानं द्यायची. माहिती चुकली कशी, अडचन काय, समदं सोताच्या अक्षरात. वीस घरांची तरी आली तर साहेबांपुढं ठेवतो.”

“याचा नमुना आहे का?” माझ्या तोंडून निघून गेलं. उत्तरेश्वरांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी उठलोच.

घरी येऊन कागद पुढे ओढला. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक चुकीची नोंद गेली नव्हती, आणि आता स्वतःच्या हाताने लिहायचं होतं की मी खोटं लिहिलं. चार कागद फाडले. शेवटी लिहिलं ते असं:

‘मी असे लिहून देतो की माझ्या प्रपत्रातील माहिती खोटी आहे. माझ्या पत्नीचा, सौ. सरोजिनी हिचा, उजवा गुडघा दुखतो. तिला भुयारी मार्गाच्या पायऱ्या उतरता येत नाहीत. समोर तिची मैत्रीण राहते. दोन वर्षांत त्या दोघी एकत्र चहा प्यायलेल्या नाहीत. हे मला रोज दिसत होते, आणि तरीही मी चांगल्या अक्षराच्या नादात चुकीच्या जागी खूण केली. कृपया सिग्नल द्यावा.’

या खेपेला फलकाच्या आसपासही फिरकायचं नाही, असं मी ठरवलं होतं. प्रत्येक दारात जाऊन सांगितलं: ज्याची अडचण त्याने आपल्या शब्दांत लिहा. सगळे म्हणाले, हो हो. माझ्या अर्जावर तेवढा सोसायटीचा शिक्का हवा होता, म्हणून तो तात्यारावांकडे दिला. त्यांनी शिक्का मारला, फोटो काढला आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: ‘नमुना. सर्व सभासदांनी याप्रमाणे अर्ज द्यावेत. खाडाखोड नको.’

माझी कबुली अशी एकोणचाळीस फोनवर पसरली. जिन्यात लोक माझ्याकडे बघून हळू बोलू लागले. यमुनाबाई म्हणाल्या, “भाऊजी, मनाला लावून घेऊ नका. अक्षर मात्र सुरेख आहे हो.”

ही त्या ग्रुपवर आहे हे मी विसरलो होतो. पाच वाजता गॅलरीतून आवाज आला: “अगं गोदा, ऐकलंस का? यांनी चूक झाली म्हणून लिहून दिलंय. हो, लेखी! सहीनिशी! थांब, फोटो पाठवते.” आणि कितीतरी दिवसांनी ती हसली. माझ्या अब्रूचं मातेरं झालं होतं, पण त्या हसण्यापुढे मला त्याचं काही वाटलं नाही. म्हणजे, थोडं वाटलं.

तीन आठवड्यांनी उत्तरेश्वरांनी बोलावून घेतलं. टेबलावर अर्जांचा गठ्ठा होता.

“काका, ह्ये काय हाय?”

“हरकती.”

“ते मला बी दिसतंय. एकोनचाळीस अर्ज. एकोनचाळीस बायकांचा गुडघा दुखतोय. आन् समद्यांचा उजवाच. डावा एकबी न्हाई.” त्यांनी एक अर्ज उचलला. “ह्यो सलिल. ह्यो सव्वीस वर्षांचा हाय, वाटलं एकटा ऱ्हात असंल... न्हाई, आधीच्या फॉर्मात बी दोनच मानसं लिवलीत. ह्याची बायको समोरच्या मैत्रिनीकडं च्या प्यायला जायची म्हनं. आन् ह्या यमुनाबाई. ह्यास्नी बी पत्नी हाय.”

टेबलाची काच पुसलेली नव्हती.

“आन् तिघांच्या बायकूचं नाव सरोजिनी हाय,” उत्तरेश्वर हळूच म्हणाले. “त्यात एक तुमचे चेअरमन हायत.”

चेअरमन! चष्मा न लावता नक्कल करणारा माणूस! मी खुर्चीवरून उठलो. आता पुरे झालं होतं. हा गठ्ठा आहे तसा रद्द करा, सगळं खोटं आहे, आमची सोसायटीच्या सोसायटी नकलांवर जगते, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण उत्तरेश्वरांनी हात वर केला.

“काका, बसा. माझी आई लोनी काळभोरला हाय. तिची भन सोलापूर रोडच्या पल्याड. दोघी आपापल्या कडंला हुब्या ऱ्हात्यात आन् मधनं ट्रका जात्यात.” त्यांनी गठ्ठा सरळ केला. “एक सांगा. ह्यातला एक तरी गुडघा खरा हाय का?”

“एक आहे,” मी म्हणालो. “उजवाच.”

“मग बास. नियम असा हाय, की एका जागी पंचवीस मानसांस्नी चालायची अडचन असंल तर सिग्नल द्यावाच लागतो. तुमच्यात एकोनचाळीस हायत. साहेबांनी सकाळीच सही केली. ते घाबरलेत. आरोग्य खात्याला बी कळवू का, म्हनत हुते.”

मग पाच महिने गेले. या पाच महिन्यांत खांब आधी चुकीच्या बाजूला उभा राहिला, मग बटण इतक्या उंचीवर बसवलं की तिथे फक्त सलिलचा हात पोचत होता. त्यात एक दिवस आरोग्य खात्याच्या दोन बाया खरोखरच आल्या आणि सोसायटीतल्या सगळ्या बायकांचे गुडघे वाकवून बघून गेल्या. त्यांनी सलिलच्या दारापाशी पत्नीला हाक मारली तेव्हा मी घरीच होतो, पण मी दार उघडलं नाही.

शेवटी एका गुरुवारी सिग्नल सुरू झाला. बावीस सेकंदांचा. पाच वाजायला पाच कमी असताना ही चपला घालून निघाली. मी म्हटलं, येऊ का सोबत? “कशाला? बटण आहे,” ती म्हणाली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पुलाखालचं काही दिसत नव्हतं. बावीस सेकंद मोजले, मग आणखी बावीस. मग समोरच्या गॅलरीचं दार उघडलं, वॉकर बाहेर आला, पाठोपाठ गोदाबाई, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ही. दोघींनी मला हात केला. मध्ये ट्रक आला. ट्रक गेला तेव्हा त्या दोघी माझ्याकडे पाठ करून चहा पीत होत्या.

तेव्हापासून पाच ते आठ मी घरात एकटा असतो. चहा माझा मलाच करावा लागतो. पहिल्या दिवशी साखरेऐवजी मीठ पडलं, दुसऱ्या दिवशी पातेलं करपलं. हिला सांगितलं तर म्हणाली, “काचेखाली नमुना लावून ठेवते.”

मागच्या मंगळवारी, दुपारी दीड वाजता, बेल तीनदा वाजली. तनया. सिग्नलमुळे नागरिकांच्या जीवनमानावर काय सामाजिक परिणाम झाला, याचं सर्वेक्षण. एक्केचाळीस प्रश्न. तिच्यामागे जिन्यात तात्याराव उभेच होते. त्यांच्या मागे यमुनाबाई, हातात पेन.

“खांबेटे,” तात्याराव म्हणाले, “नमुना कधी लावताय?”

मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. तनयाला आत घेतलं, लाडू दिला आणि फॉर्म घेऊन बसलो. चौदावा प्रश्न: येणं-जाणं. मग बत्तिसावा: घरातील वातावरण. चहाचं करपलेलं पातेलं आठवलं आणि पेन क्षणभर तिसऱ्या चौकटीवर थांबलं, हे मी नाकारत नाही. पण मी बावीस सेकंद मोजले होते ते मलाच माहीत. सगळ्या खुणा पहिल्या चौकटीत केल्या, या वेळी एकेक प्रश्न वाचून. ओळ थोडी वाकडी आली. मग शाई वाळायचीही वाट न बघता फॉर्मची घडी घातली आणि तनयाच्या सॅकमध्ये अगदी तळाशी खुपसली, कारण दाराच्या भिंगातून पाहिलं तर तात्याराव अजून तिथेच होते आणि त्यांनी आता चष्मा लावला होता.